पायांवर पडलेली माती

जमीन गेली तेव्हा आवाज असा काही झालाच नाही. रस्त्याच्या मधोमध कापून काढलेल्या चौकोनात ती, रस्त्याची पातळी पाहणारी बाई, वाकून उभी होती. बारीक खडीचा थर सपाट बसलाय की नाही, ते ॲल्युमिनियमची लांब पट्टी आडवी ठेवून पाहत होती. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, तेव्हा ‘इथे अजून थोडी टाका’ असं म्हणायला तिने तोंड उघडलं. ‘इथे’ एवढंच बाहेर पडलं. पुढच्या क्षणी ती काखेपर्यंत रस्त्यात होती. पट्टी छातीशी आडवी अडकली होती, कोपरं खडीवर टेकली होती, पिवळं हेल्मेट नाकावर आलं होतं, आणि पाय कशालाच लागत नव्हते. खाली नाही, पुढे नाही, बाजूलाही नाही. वर सगळे जिथल्या तिथे थिजले होते. खडी पसरणाऱ्याचं फावडं तसंच अधांतरी राहिलं होतं. मागे क्रेनला लटकलेलं काँक्रीटचं नवं पॅनेल, एखाद्या खोलीच्या जमिनीएवढं, आपल्याच वजनाने सावकाश वळत होतं आणि त्याच्याकडेही कोणाचं लक्ष नव्हतं. डावीकडच्या सुरू असलेल्या लेनमधून एक बस गेली. खिडकीशी बसलेल्या बाईला रस्त्यातून उगवलेलं मुंडकं आणि दोन हात दिसले आणि तिचा आ वासला. ही तिच्याकडे पाहत राहिली. पायांवर काहीतरी भुरभुरलं. माठात हात घातल्यावर लागतो तसा गारवा कमरेपासून खाली पसरला होता, आणि ओल्या मातीचा वास येत होता. रस्त्यावर इतकी वर्षं काम करून हा वास तिला कधी आला नव्हता. रस्ता मुळी माती झाकण्यासाठीच असतो. आणि तेव्हा तिच्या मनात आलं, बरं झालं.

अगदी स्पष्ट आलं. कोणी शेजारी बसून म्हणावं तसं. नवरा आठवला नाही, लेक आठवली नाही, ‘वाचवा’ नाही, ‘आई गं’ नाही. बरं झालं. अंगातली कसलीतरी गाठ कोणीतरी हळूच सोडवावी तसं खांद्यांतून काहीतरी ओघळून गेलं. कितीतरी दिवसांनी, कदाचित वर्षांनी, तिला इतकं हलकं वाटलं. तिने पाय झाडले नाहीत. धडपड केली नाही. जरा वेळ असंच राहू द्यावं, असंसुद्धा तिला वाटलं.

क्रेनचालक कधी खाली उतरला ते तिला कळलं नाही. अंगाने काटकुळा म्हणून सगळे त्याला ‘पैलवान’ म्हणायचे. त्याने आधी पॅनेल ट्रेलरवर परत टेकवलं, मग धावत आला, आणि खड्ड्यापासून बऱ्याच अंतरावर पालथा पडून सरपटत पुढे आला. एरवी तो तिला ‘मॅडम’ म्हणायचा आणि मान वर करून बोलायचा नाही. आता त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता, कपाळावरून घाम टपटपत होता. “ताई, माझ्याकडे बघा. खाली बघू नका. माझ्या गळ्यात हात टाका. लाजू नका हो, टाका!” त्याच्या मागे आणखी दोघे पालथे पडले, एकाने दुसऱ्याचे पाय धरले, आणि तिला बाहेर ओढून काढण्यात आलं. ‘काढण्यात आलं’ असंच तिला वाटलं. जसं काही ती तिथे नव्हतीच आणि हे एका सामानाचं चाललं होतं. मग ती फुटपाथच्या कडेला बसली होती, हातात चहा होता.

हा रस्ता म्हणजे शहरातला सगळ्यात वर्दळीचा. तो बंद ठेवून जागेवर काँक्रीट ओतायचं आणि ते वाळायची वाट पाहत बसायचं, हे शक्यच नव्हतं. लोकांनी हातात दगड घेतले असते. म्हणून शनिवार-रविवार एकच लेन बंद करायची, फुटलेला जुना भाग करवतीने चौकोनी कापून उचलायचा, खालचा थर सारखा करायचा, आणि कारखान्यात आधीच ओतून, वाळवून, तयार करून आणलेलं पॅनेल त्या चौकोनात अलगद उतरवायचं. मग पॅनेलमधल्या भोकांतून पातळ सिमेंट आत सोडायचं, म्हणजे खाली बारीकसारीक फट राहत नाही. सोमवारी सकाळी गाड्या मोकळ्या. शेजारची लेन मागच्याच रविवारी अशी झाली होती. पातळीची जबाबदारी तिची. नवं पॅनेल जुन्या रस्त्याशी इतकं बेमालूम जुळलं पाहिजे, की गाडीत डुलकी काढणाऱ्याची मान हलू नये. हे काम तिला आवडायचं. ऑफिसात तिचं नाव निघालं की म्हणायचे, ‘बाईंच्या हातात आहे ना? मग झालं.’

साहेब धावत आले. स्वभावाने वाईट नव्हते. घाबरले की विनोद करायचे. “काय मॅडम, रस्ता गिळायला बघत होता तुम्हाला! पण त्याला पचला नसतात तुम्ही.” सगळे हसले. तीही हसली. हसताना तिला आपला आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. मग साहेबांनी लांब लोखंडी पहार मागवली, स्वतः आडवं पडून खड्ड्यात खुपसून पाहिली. ती थोडी खाली जाऊन टणक जागी टेकली. “जुनी गळती असणार कुठली तरी. छोटं भगदाड आहे. काँक्रीटने भरून घेऊ आणि संध्याकाळपर्यंत पॅनेल बसवू. उद्या सकाळी रस्ता उघडलाच पाहिजे, वरून फोनवर फोन येतायत. मॅडम, तुम्ही घरी जा. गाडी सोडेल तुम्हाला. लागलंय का कुठे?” ती “नाही” म्हणाली. खरंच लागलं नव्हतं, काखेत थोडं खरचटलं होतं तेवढंच. काहीतरी सांगायचं आहे असं तिला वाटत होतं, पण काय ते सापडेना. जिभेच्या टोकावर फक्त तेच दोन शब्द होते, आणि ते साहेबांना सांगण्यासारखे नव्हते.

ऑफिसच्या गाडीत ती मागच्या सीटवर बसली आणि दोन्ही पाय तिने गाडीच्या तळावर घट्ट दाबून धरले. तळ पातळ पत्र्याचा, त्याच्या खाली वेगाने मागे जाणारा रस्ता, त्याच्या खाली काय? आजवर तिने हा प्रश्न कागदावर सोडवला होता. अमुक जाडीचा थर, त्याखाली तमुक थर. पायांनी कधी विचारलं नव्हतं. पण तिला धडकी भरली होती ती त्याची नव्हती. मला बरं का वाटलं? तिने स्वतःला पकडून विचारलं, जसं लेकीला खोटं बोलताना पकडून विचारायची. तुला काय कमी आहे? नवरा चांगला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवून-उतरवून घरी येतो आणि हिच्याआधी कुकर लावतो. लेक हुशार, थोडी हट्टी. सासूबाई घरातच असतात, पण त्यांचा जाच म्हणावा असा काही नाही; उलट शेजारणींना ठणकावून सांगतात की आमच्या सुनेसारखी सून शोधून मिळायची नाही. मग कशातून सुटलीस तू? ज्या माणसांवर आपण जीव टाकतो असं आपण समजतो, त्यांतलं एकही मरणाच्या दारात आठवू नये? उलट, आता ही आपल्याला काही विचारू शकणार नाहीत, याचाच आनंद व्हावा? हो, आनंदच होता तो. तिने शब्द बदलून पाहिले. थकवा. धक्का. मेंदूला रक्त कमी पडलं असेल. एकही शब्द बसेना. प्रत्येक शब्दाखालून उजेडाची रेघ दिसतच राहिली.

सिग्नलला गाडी थांबली आणि तिला वडील गेले तो दिवस आठवला. का आठवला ते कळलं नाही. ती तेव्हा शिकत होती, शेवटचं वर्ष. आई भिंतीला टेकून बसली होती ती बसलीच, धाकटा भाऊ बाथरूमची कडी लावून आत रडत होता, आणि नातेवाइकांना कळवायचं कोणी, तर हिने. तेव्हा त्यांच्याकडे फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे जाऊन, त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून, तिने एकेक नंबर फिरवला आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं: ‘बाबा गेले, पहाटे, झोपेतच.’ पहिल्यांदा सांगताना ती ‘गेले’पाशी अडखळली. पुढे पुढे वाक्य गुळगुळीत होत गेलं. शेवटी तर दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लीटर कमी सांगावं, तसं ते तोंडातून येऊ लागलं. पलीकडून काका हुंदके देत होते आणि हीच त्यांना म्हणत होती, ‘सावकाश या, घाई करू नका.’ काका म्हणाले होते, ‘पोरी, किती खंबीर आहेस गं तू! तू आहेस म्हणून तुझ्या आईची काळजी नाही.’ शेजारच्या बाई तिला पाणी द्यायला पुढे झाल्या होत्या, त्या हे ऐकून पेला तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. खंबीर माणसाला पाणी कशाला. त्या दिवसापासून ती खंबीर होती. तू आहेस म्हणून. लग्नातही तू आहेस म्हणून, भावाच्या नोकरीच्या वेळी तू आहेस म्हणून, सासूबाईंच्या ऑपरेशनला तू आहेस म्हणून. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. तिने स्वतःच दर वेळी पट्टी आडवी ठेवून सगळ्यांची पातळी पाहिली होती आणि जिथे कमी पडत होतं तिथे स्वतःला ओतलं होतं. तिला ते आवडायचंसुद्धा. मग? गाडी सुटली. ड्रायव्हरने आरशातून पाहत विचारलं, “बरं वाटतंय ना मॅडम?” ती एवढी दचकली की त्याने पुढे काही विचारलंच नाही.

घरी नवरा दारातच भेटला. रविवार असल्यामुळे बनियनवर होता, हातात लेकीच्या सायकलची चेन. “इतक्या लवकर? रस्ता पळून गेला की काय?” ती म्हणाली, “पडले थोडी. जमीन जरा खचली.” ‘जरा’ हा शब्द तिने फार काळजीने लावला. सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, “बघून चालावं गं. लागलं नाही ना? मग बाई ते गॅसवाल्याचं तेवढं बघ, त्याचा नंबर कोणालाच सापडत नाहीये.” लेक आतून ओरडली, “आई आली? आई, माझा निळा टी-शर्ट कुठाय?” तिने गॅसवाल्याचा नंबर सांगितला, तो तिला पाठ होता. निळा टी-शर्ट दोरीवर आहे म्हणून सांगितलं. मग बाथरूममध्ये जाऊन तिने कडी लावली आणि उलट्या बादलीवर बसून राहिली. बाहेर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. त्यांना काय माहीत, की दोन तासांपूर्वी या बाईने त्यांना सोडून दिलं होतं? चेनचा खडखडाट, टीव्हीचा आवाज, लेकीचं गुणगुणणं. ही सगळी आपली माणसं, आणि आपण त्यांच्यात एखाद्या तोतयासारखे येऊन बसलोय. तिने नळ सोडला, जड बूट काढले, मोजे ओढून काढले.

मोज्यांतून माती पडली. पांढऱ्या फरशीवर तिचे दोन छोटे ढीग झाले. उजव्या पायाचा कमी, डाव्याचा जास्त. तिने उगाच बोटाने चिमूटभर उचलली. काळी. ओलसर. दाबल्यावर गोळी होणारी. ती त्या गोळीकडे पाहत राहिली. त्या चौकोनात माती नव्हतीच. तिथे वरपासून खाली राखाडी खडी होती, तिच्या देखत पसरलेली, दाबलेली. तिच्याबरोबर कोसळलं असेल तर ती खडी कोसळली असेल. ही माती वरून आली. पायांच्या वरून, पण तिच्या डोक्याच्या खालून. म्हणजे बाजूने. डावीकडून. तिने डोळे मिटले आणि आता ती त्या भोकात आपणहून परत उतरली. गारवा. वास. बसमधल्या बाईचं उघडं तोंड. आणि तेव्हाच भुरभुर. त्यानंतर पैलवान गळ्यात हात टाका म्हणत असताना मालाचा ट्रक गेला, आणि पुन्हा पायांवर भुरभुर, या खेपेला जास्त, एक ढेकूळ घोट्यावर आपटलं. गाडी जायची आणि माती पडायची. डाव्या लेनवरून गाडी जात होती आणि त्या लेनच्या पोटातून माती हिच्या पायांवर पडत होती. खरं भगदाड खाली नव्हतंच. पहार जिथे टेकली ती तिच्याबरोबर पडलेली खडी होती. भगदाड शेजारी होतं, मागच्या रविवारी बसवलेल्या, बेमालूम जुळवलेल्या, सुरू असलेल्या पॅनेलच्या खाली.

ती ओल्या पायांनी बाहेर आली. साहेबांना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. करवतीच्या आवाजात ऐकू येत नसणार. पुन्हा लावला. “स्कूटर काढ,” ती नवऱ्याला म्हणाली. “आत्ता?” “आत्ता.” त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शर्ट अडकवला. सासूबाई विचारत राहिल्या, “अगं, पण झालं काय?” आणि ती दाराबाहेर पडलीसुद्धा. वाटेत ती मागून त्याच्या कानाशी ओरडून सांगत होती, मोजे, काळी माती, डावी लेन. त्याला निम्मं कळलं असेल. पण तो गल्ल्याबोळांतून स्कूटर दामटत होता. गल्लीतून ते मोठ्या रस्त्याला लागले आणि पुढच्या-मागच्या गाड्यांमध्ये अडकले. एकच लेन उघडी, सगळी वाहनं त्याच लेनमध्ये, मुंगीच्या चालीने. उजवीकडे बॅरिकेड सुरू झाले आणि तिच्या लक्षात आलं, आपण त्याच लेनमध्ये आहोत. पुढे शाळेच्या सहलीची बस होती, मागच्या काचेला नाकं चिकटवून मुलं वेडावून दाखवत होती. “थांब!” ती ओरडली. “इथे कसा थांबू? मागून ठोकतील!” आणि ते पॅनेलवर आले. तो जोड तिला पाहावा लागला नाही. कुठल्या पॅनेलची कडा कुठे येते, ते तिला अंगणातल्या पायरीसारखं माहीत होतं. तिने श्वास रोखला, नवऱ्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत आवळली. काहीही जाणवलं नाही. रस्ता इतका गुळगुळीत होता, की स्कूटर पाण्यावरून गेल्यासारखी गेली. तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

साहेब चौकोनाच्या कडेला होते. भगदाडात काँक्रीट ओतून झालं होतं, क्रेनने नवं पॅनेल पुन्हा उचललं होतं. “मॅडम? तुम्ही घरी नाही गेलात?” “शेजारची लेन बंद करा. आधी बंद करा, मग सांगते.” साहेब विनोद करायला गेले, पण तो मध्येच विरला. “असं कसं बंद करू? दोन्ही लेन? अख्खं शहर अडकेल.” तिने सांगितलं. बोलताना धाप लागत होती, तरी तिने क्रम चुकवला नाही: बस गेली, माती पडली, ट्रक गेला, माती पडली, आपल्या थरात काळी माती नाही. साहेबांनी ऐकलं. ते हुशार इंजिनिअर होते, आणि म्हणूनच त्यांनी विचारायला हवं होतं ते विचारलं. “तुम्ही लटकत होतात मॅडम. माणूस अशा वेळी पाय झाडतो. तुमच्याच लाथांनी कडेची माती पडली असेल.”

“मी पाय झाडत नव्हते.”

“अहो, तुम्हाला आठवणार नाही. कोणीही झाडेल. जिवावर बेतलं होतं.”

“मला आठवतंय,” ती म्हणाली. “मी अजिबात हलले नाही. मी शांत होते.”

“शांत?” साहेबांनी विचारलं. नवरा स्कूटर लावून तिच्या मागे येऊन उभा होता, ते तिला त्याच्या श्वासावरून कळलं. एवढ्या वेळात ती एकदाही त्याच्याकडे वळली नाही. “हो,” ती म्हणाली. “मला बरं वाटत होतं आत. बाहेर यायची घाई नव्हती मला. म्हणून सांगते, ती माती मी पाडलेली नाही.” साहेब तिच्याकडे पाहत राहिले. पैलवान क्रेनच्या केबिनमधून ओणवा होऊन ऐकत होता. तो वरून म्हणाला, “खरंय साहेब. ताई हलत नव्हत्या. मला वाटलं गेल्याच.” मग साहेबांचा रंग उतरला. खिशातून शिट्टी काढून ते स्वतःच धावत सुटले, वाहतूक पोलिसाच्या दिशेने, दोन्ही हात पसरून, एखादं म्हातारं कोंबड्या हाकतं तसे.

पुढचा वेळ नुसता हॉर्नचा होता. अडकलेली माणसं खिडक्यांतून डोकी काढून शिव्या घालत होती. एक टॅक्सीवाला खाली उतरून थेट बॅरिकेडपाशी आला. “परवा बसवलं आणि आज परत काढताय? डोकी ठिकाणावर आहेत का तुमची? माझ्या गाडीत पेशंट बसलाय!” पोलिसाने टॅक्सीला फुटपाथवरून वाट काढून दिली, तर पेशंटला सोडून तो भांडायला परत आला. करवतीने जोड कापले गेले, पाण्याचा आणि सिमेंटच्या धुळीचा चिखल उडत राहिला. मागच्या रविवारी जी चार भोकं भरली होती ती पुन्हा उकरून त्यांत उचलायचे लोखंडी आकडे बसवले. ती बाजूला उभी होती. आपलं चुकलं असेल तर बरं, असं तिला वाटत होतं. आणि चुकलं नसावं, असंही. कारण चुकलं असेल, तर तिने जे सगळ्यांसमोर म्हटलं ते कशासाठी म्हटलं? ऊन कलतं झालं होतं. पैलवानाने दोर ताणले. पॅनेल जागचं हललं, कुरकुरलं, आणि एका कडेने वर आलं.

खाली खोली होती. दुसरा शब्द नव्हता त्याला. उभं राहता येईल, एखादी खाट टाकता येईल एवढी काळी, ओली खोली. तिच्या तळाशी एका फुटलेल्या पाइपातून पाणी वाहत होतं, जराही आवाज न करता. ते कधीपासून माती वाहून नेत होतं कोण जाणे. शेजारच्या चौकोनात आज ओतलेलं काँक्रीटही एका बाजूने आत ओघळून आलं होतं. मागच्या रविवारी आत सोडलेलं सिमेंट आता पॅनेलच्या पोटाला पापडासारखं चिकटलेलं दिसत होतं आणि त्याच्या खाली काही म्हणजे काही नव्हतं. एवढे दिवस बसगाड्या, ट्रक, रुग्णवाहिका, शाळेची मुलं त्या एका पॅनेलच्या जाडीवरून गेली होती. टॅक्सीवाल्याने आत डोकावून पाहिलं. त्याचा वर गेलेला हात वरच राहिला, मग त्याने तो हळूच डोक्यावर ठेवला आणि तो आपल्या गाडीकडे गेला. साहेब फुटपाथच्या कडेवर बसले. “मी संध्याकाळी बायकोला घेऊन जाणार होतो इथून,” ते कोणाला तरी म्हणाले. तिच्याकडे पाहून हात जोडावेत, तसे त्यांचे हात अर्धवट उचलले गेले, पण मग त्यांनी तोंडच झाकून घेतलं.

नवरा मात्र त्या खोलीकडे पाहत नव्हता. तो शेजारच्या चौकोनाकडे पाहत होता, जिथे ती काखेपर्यंत गेली होती. त्याने मनात अंतर मोजलं असावं, ती पट्टी नसती तर कुठे जाऊन पडली असती ते. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याने तिला दंडाला धरून बॅरिकेडच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर नेलं. दोघं बसली. त्याने तिचा दंड सोडला नव्हता. दिवसभर लोकांना ‘आता कसं दिसतंय? आणि आता?’ विचारणारा तो माणूस विचारायचं ते जुळवत होता.

“शांत होतीस म्हणजे?” शेवटी त्याने विचारलं.

आता टाळता आलं असतं. शॉकमध्ये होते, असं म्हणता आलं असतं, आणि तो मान हलवून घरी घेऊन गेला असता, तिला दूध-हळद दिली असती, रात्री पाय चेपले असते. “जमीन गेली तेव्हा,” ती म्हणाली, “माझ्या मनात आलं, बरं झालं. सुटले. तुम्ही कोणीच आठवला नाहीत मला. ती पण नाही.” लेकीसाठी तिच्या तोंडून ‘ती’ एवढंच आलं. “मला मरायचं नव्हतं रे. तसं नाही. पण तिथे आत कोणाला माझ्याकडून काही नको होतं. एवढंच. आणि मला ते इतकं आवडलं, की मला माझीच भीती वाटते.”

त्याने ऐकलं. तो आता रडेल, किंवा चिडेल, किंवा ‘वेडी आहेस का’ म्हणेल, अशा तीन गोष्टींसाठी तिने स्वतःला तयार ठेवलं होतं. काका रडत होते आणि ही त्यांना सावकाश या म्हणत होती, तशी त्याला समजावण्याची वाक्यंसुद्धा तिच्यापाशी तयार होती. त्याने यांतलं काही केलं नाही. तो समोर पाहत राहिला, क्रेनला टांगलेल्या त्या जड चौकोनाकडे, आणि त्याचा चेहरा असा झाला होता, जणू अनेक वर्षं ओळखीच्या असलेल्या घरात एक दार आहे आणि ते आपण कधी पाहिलंच नव्हतं, असं कोणाला अचानक कळावं. “कधीपासून?” त्याने विचारलं. “माहीत नाही,” ती म्हणाली. “आज कळलं.” आणि मग, आधी कुठलीच सूचना न देता, तिला रडू फुटलं. तोंड वाकडं करून, नाक गळत, आवाज करत ती रडली. रांगेतल्या गाड्यांतली माणसं पाहत होती. पहिल्यांदाच असं झालं, की कोणी पाहतंय म्हणून तिने काहीही आवरलं नाही. त्याने तिला थोपटलं नाही, उगी म्हटलं नाही. तो फक्त सरकून इतका जवळ बसला की दोघांचे खांदे टेकले.

त्याचा फोन वाजला. सासूबाई होत्या. त्यांचा आवाज फोनबाहेर तिलाही ऐकू येत होता: किती वेळ झाला, दोघं गेलात कुठे, पोरगी भूक भूक करतेय, ही फोन का उचलत नाही, झालंय तरी काय?

“काही नाही आई,” तो म्हणाला. सवयीने, चटकन.

मग तो थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती ओढणीच्या टोकाने नाक पुसत होती.

“आई, ऐक,” तो म्हणाला. “झालंय. तुम्ही दोघी खाऊन घ्या, काय असेल ते. आम्हाला वेळ लागेल.” पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं. “नाही, ती नाही बोलणार आत्ता,” तो म्हणाला. “आत्ता ती रडतेय.”